कुशलप्रश्न : अंदमानांतून घरीं आलेल्या पत्रांचें एक परीक्षण

मराठी दप्तरें चाळणाऱ्या अभ्यासकांस ‘येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावें’ हा मायना इतका परिचयाचा असतो, कीं तो दिसतांच डोळा आपोआप पुढच्या ओळीवर जातो. नक्कल करणारा तेथें ‘वगैरे’ लिहितो, संपादक टिंबें देतो, आणि दोघांसहि आपण कांहीं गाळलें असें वाटत नाहीं. पत्राचा खरा मजकूर ‘विशेष’ किंवा ‘विनंति उपरि’ या शब्दांपासून सुरू होतो, अशी आमची सर्वांची समजूत. फौज, वसुली, तह, कर्ज हा मजकूर. कुशल हा केवळ उंबरठा. ही समजूत बहुतेक पत्रांस लागू पडते. परंतु ज्या पत्रांत कुशल हाच मजकूर आहे आणि बाकीचें सर्व उंबरठ्याबाहेर ठेवावें लागलें आहे, अशींहि पत्रें असतात. तीं वाचतांना ही संवय आपल्यास फसविते. आमच्या हातून ही चूक पुष्कळ वर्षें घडली. ती दुरुस्त करणें हाच या लेखाचा हेतु आहे.

विषय आहे विनायक दामोदर सावरकर यांनीं अंदमानच्या सेल्युलर तुरुंगांतून धाकटे बंधु नारायणराव यांस लिहिलेल्या पत्रांचा. यांतील पहिलें १५ डिसेंबर १९१२ चें आहे. पुढें १९२० पर्यंत, सामान्यतः वर्षास एक या बेतानें, तीं येत राहिलीं. १९२४ सालीं नागपुरास तीं इंग्रजी पुस्तकाच्या रूपानें प्रसिद्ध झालीं. मराठी वाचक त्यांस ‘अंदमानच्या अंधेरींतून’ या नांवानें ओळखतो. ‘माझी जन्मठेप’ (१९२७) या ग्रंथाच्या तेजापुढें हीं पत्रें फिकीं पडलीं. ज्यांस तुरुंगाचें वर्णन पाहिजे ते जन्मठेपेकडे जातात, ज्यांस काव्य पाहिजे ते कवितांकडे. पत्रांकडे जाणारे बहुधा वादाकरितां जातात. त्याविषयीं पुढें लिहूं.

प्रथम त्या घराची स्थिति लक्षांत घेतली पाहिजे. आई राधाबाई १८९२ सालीं पटकीनें गेल्या, वडील दामोदरपंत १८९९ सालीं प्लेगनें गेले. घर उभें राहिलें तें थोरले बंधु गणेशपंत ऊर्फ बाबाराव आणि त्यांच्या पत्नी यशोदाबाई, म्हणजे येसूवहिनी, यांच्या आधारावर. १९०६ च्या जूनमध्यें विनायकराव विलायतेस गेले. त्या शिक्षणास त्यांचे श्वशुर, जव्हार संस्थानांतील भाऊराव चिपळूणकर, यांचें साह्य होतें. पुढें १९०९ हें एक वर्ष या घरावर कसें कोसळलें तें पाहावें. विनायकरावांचा बाल पुत्र प्रभाकर देवीच्या आजारानें गेला. ८ जूनला बाबारावांस मालमत्तेच्या जप्तीसह जन्मठेप झाली. १ जुलैला लंडनमध्यें मदनलाल धिंग्रांनीं कर्झन वायलीचा वध केला, आणि विनायकरावांस तेथेंहि उभें राहण्यास जागा उरली नाहीं. नोव्हेंबरमध्यें अहमदाबादेस लॉर्ड मिंटोवर बाँब टाकण्यांत आला आणि नारायणरावांस पकडण्यांत आलें. २१ डिसेंबरला नाशिकास जॅक्सनचा वध झाला. तीन भावांपैकीं एक शिक्षा भोगीत आहे, दुसरा परदेशांत पाळतीखालीं आहे, तिसरा पोलिसांच्या हातीं आहे. घरांत दोन सुना, आणि घर म्हणावें तर त्यांतील भांडींकुंडींहि जप्तींत गेलेलीं.

या परिस्थितींत देशाबाहेर असलेल्या माणसानें घरीं काय लिहावें? विनायकरावांनीं दोन वेळां पद्यांत लिहिलें, आणि दोन्ही वेळां वहिनींसच लिहिलें. बाबारावांच्या शिक्षेची वार्ता कळल्यावर १९०९ सालीं ‘सांत्वन’, आणि १९१० च्या मार्चमध्यें लंडनमध्यें अटक झाल्यावर ‘माझें मृत्युपत्र’. पहिल्यांत गजेंद्रानें श्रीहरीस वाहिलेल्या कमलाचा भागवतांतील दृष्टांत आहे, दुसऱ्यांत आणखी भाऊ असते तरी तेहि याच कार्यास दिले असते अशा आशयाचा उद्गार आहे. हीं दोन्ही काव्यें आम्हीं वर्गांत अनेकदां शिकविलीं, आणि तीं शिकवितांना आमचाहि कंठ दाटून आला, हें कबूल करण्यास संकोच वाटत नाहीं.

परंतु टीकाकार म्हणून येथें एक प्रश्न विचारणें प्राप्त आहे. हीं पत्रें वहिनींस लिहिलीं खरीं. तीं वहिनींच्या प्रश्नास उत्तर देतात काय? वहिनींचा प्रश्न काय असेल याचें अनुमान कठीण नाहीं. राहावें कोठें, धाकट्या जावेस कोणाकडे ठेवावें, दिरास सोडवावें कसें, उद्यांची चूल कशावर पेटवावी. काव्य या प्रश्नांच्या वरून जातें. तें दुःखास अर्थ देतें, आणि अर्थ हें कांहीं थोडें देणें नव्हे. पण आश्रय देत नाहीं. तें देण्याचें सामर्थ्य त्या वेळीं कवीच्या ठिकाणीं नव्हतें, आणि आपल्यापाशीं तें नाहीं हें त्यास ठाऊक असलें पाहिजे. म्हणून जें देतां येत होतें तें त्यानें पूर्ण दिलें. येसूवहिनींनीं हें देणें कसें घेतलें तें त्यांच्या आचरणावरून समजतें: नाशिकांत स्त्रियांचा ‘आत्मनिष्ठ युवती संघ’ त्यांनीं चालविला, आणि त्या खचल्या नाहींत. तथापि काव्यांत त्यांची भूमिका कवीनें ठरविलेली आहे. त्यांस विचारलेली नाहीं. हा दोष नव्हे, ही त्या प्रकाराची मर्यादा आहे.

आतां अंदमानच्या गद्य पत्रांकडे वळूं. दोन जन्मठेपा, म्हणजे ५० वर्षें, अशी शिक्षा झाल्यावर डोंगरी, भायखळा व ठाणें हे तीन तुरुंग पाहून विनायकराव ४ जुलै १९११ रोजीं अंदमानास पोहोंचले. त्यानंतर पहिलें पत्र लिहिण्यास सुमारें दीड वर्ष लोटावें लागलें. आणि त्या पत्रांत काय आहे? बाळाचें कलकत्त्यांतील वैद्यकाचें शिक्षण कसें चाललें आहे, प्रकृति कशी आहे, वहिनी कशा आहेत, पत्नी यमुनाबाई कशा आहेत; आणि उलट आपली प्रकृति बरी आहे, दिनक्रम असा असा आहे. म्हणजे तोच जुना मायना, येथील कुशल आणि स्वकीय कुशल, पानेंच्या पानें पसरलेला.

वर्गांत हीं पत्रें वाचून दाखवितांना आम्ही विद्यार्थ्यांस सांगत असूं कीं, हा भाग घरगुती आहे, तो सोडा. पुढें विचार आहेत ते पाहा. आमची ही चूक आमच्या ध्यानांत कोणा पंडितानें आणून दिली नाहीं. सेवानिवृत्तीनंतर आम्ही भाईंदर पूर्वेस केबिन रोडवर राहतों. लोहमार्ग जवळ, उपनगरी गाड्यांचा आवाज हेंच येथील घड्याळ. खाडी ओलांडली कीं चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं घेतलेली वसई. पण या रस्त्यावरील बहुतेक कुटुंबें अलीकडे निरनिराळ्या गांवांहून येऊन स्थायिक झालेलीं, आणि पुष्कळांचें एखादें माणूस आखातांत नाहीं तर जहाजावर. रविवारीं दुपारीं चार शेजारी आमच्याकडे जमतात व कांहीं वाचन होतें. एका रविवारीं अंदमानचें पहिलें पत्र मराठींत सांगत असतां आम्ही संवयीनें प्रकृतीचा व दिनक्रमाचा भाग गाळून पुढें निघालों. तेव्हां शेजारच्या एक बाई, ज्यांचा मुलगा मालवाहू बोटीवर असतो, म्हणाल्या, “सर, तें जेवणाखाण्याचं काय लिहिलंय तें वाचा ना परत. माझा मुलगा फोनवर तेवढंच बोलतो. जेवलो म्हणतो. पण कसा म्हणतो त्यावरून मला बाकीचं सगळं कळतं.”

आम्हीं तो भाग पुन्हा वाचला, आणि चाळीस वर्षें आपण कोणती ओळ सोडीत आलों तें आम्हांस उमगलें.

या पत्रांचा पहिला वाचक बाळ नव्हता. तुरुंगाचा अधिकारी होता. त्याची नजर फिरल्यावांचून कागद बेटाबाहेर जात नसे. पत्र लिहिण्याची सवलत वागणुकीवर अवलंबून, आणि ती काढून घेणें अधिकाऱ्याच्या हातीं. म्हणून जन्मठेपेंत जो कोलू आहे, दिवसास ३० पौंड तेल काढण्याची जी सक्ति आहे, ती पत्रांत त्या रूपानें येणें शक्य नव्हतें. आली असती तर पत्र गेलें नसतें. आणि पत्र गेलें नसतें तर घरच्यांनीं आणखी एक वर्ष माणूस जिवंत आहे कीं नाहीं या शंकेंत काढलें असतें. अशा स्थितींत ‘माझी प्रकृति बरी आहे’ हें वाक्य लिहिणें हा शिष्टाचार नव्हे. तें पत्राच्या परवान्याचें मूल्य आहे, आणि त्याच वेळीं घरच्यांस दिलेला एकमेव आश्रयहि आहे. सबंध दिनक्रम तासांतासांनीं लिहिण्याचें प्रयोजनहि हेंच. ज्यास यातना सांगतां येत नाहींत तो वेळ सांगतो, म्हणजे घरीं बसलेल्या माणसास अमुक घटकेस तो काय करीत असेल याची कल्पना बांधतां येते.

मराठी इतिहासाच्या अभ्यासकांस हें नवीन वाटूं नये. पानिपतचा निकाल पेशव्यांस कळला तो एका सावकारी पत्रानें, मोत्यें, मोहरा आणि खुर्दा यांच्या हिशेबाच्या भाषेंत. त्यांतील दोन मोत्यें म्हणजे कोण, हें आज शाळेंतील मुलगाहि सांगेल. कोणीहि तें पत्र जवाहिराच्या व्यापाराचा पुरावा म्हणून दाखल करीत नाहीं. १७६१ च्या पत्राविषयीं जी सावधगिरी आपण बाळगतों ती १९१२ च्या पत्राविषयीं कां सोडावी? अंदमानच्या पत्रांत तशी ठरीव सांकेतिक लिपि आहे असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जेथें बोलण्यावर पहारा आहे तेथें साध्या शब्दांवरहि जास्त भार पडतो, आणि वाचकानें तो भार तोलला पाहिजे.

संस्कृत काव्याच्या अभ्यासकास येथें मेघदूत आठवल्यावांचून राहत नाहीं. तो यक्षहि एक वर्षाचा निर्वासित; रामगिरीवर, म्हणजे परंपरेप्रमाणें आपल्या रामटेकास, शापाचे दिवस मोजीत बसलेला. मेघास तो वाट सांगतो, नगरें सांगतो, नद्या सांगतो. पण निरोपाचा गाभा काय? तुझा सहचर जिवंत आहे, आणि तो तुझें कुशल विचारतो. ज्यांस विपत्ति सहज गांठते अशा प्राण्यांस प्रथम हेंच विचारावयाचें असतें, असा त्या ठिकाणीं कवीचा अभिप्राय आहे. आम्हीं हा श्लोक आयुष्यभर शिकविला, अन्वय लावून दिला, समास सोडविले. आणि तरीहि अंदमानच्या पत्रांतील कुशलप्रश्न आम्ही घरगुती म्हणून सोडीत राहिलों. विद्या आणि समज यांत किती अंतर राहूं शकतें याचें याहून लाजिरवाणें उदाहरण आमच्यापाशीं नाहीं.

आतां दोषांविषयीं. हीं पत्रें सर्वत्र सारखीं उतरलेलीं नाहींत. जेथें लेखक बाळास विसरून जगास उद्देशून बोलूं लागतो, तेथें वाक्यें फुगतात आणि पत्राचें व्याख्यान होतें. राष्ट्रें, इतिहास, समाजाची घडण यांवरील लांब विवेचनें त्यांच्या विचारांच्या अभ्यासास उपयोगी असतील. पत्र म्हणून तीं जड आहेत. वर्षांतून एकदां लेखणी हातीं येणाऱ्या माणसाच्या मनांत सांचलेलें सर्व एकदम बाहेर पडावें हें स्वाभाविक आहे, हें मान्य. पण कारण दिल्यानें गुणदोष बदलत नाहींत. आमच्या मतें या संग्रहांतील श्रेष्ठ स्थळें लहान आहेत, आणि तीं जवळजवळ सर्व घराविषयींचीं आहेत.

पत्रांचा उपयोग वादाकरितां करणारांचे दोन पक्ष आहेत. एका पक्षास त्यांत केवळ धैर्य दिसतें. दुसरा पक्ष राजबंद्यांच्या सुटकेविषयींचा मजकूर वेंचून तो सरकारास केलेल्या अर्जांशेजारीं मांडतो आणि त्यावरून शीलाचा निर्णय देतो. या वादांत पडण्याचा आमचा अधिकार नाहीं, आणि हें त्याचें स्थळहि नव्हे. पण दोघांची वाचनाची रीति एकच आहे, आणि ती सदोष आहे. दोघेहि पत्रास साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें करतात, आणि साक्षीदाराच्या मागें उभा असलेला अधिकारी दोघांसहि दिसत नाहीं. अशा पत्रांतील प्रत्येक विधानास तीन प्रश्न विचारल्यावांचून त्याचा पुरावा म्हणून स्वीकार करूं नये. हें विधान पहिल्या वाचकास, म्हणजे तुरुंगास, उद्देशून आहे, कीं बाळास, कीं बाळाच्या मागें बसलेल्या स्त्रियांस? तें न लिहितां पत्र जाऊं शकलें असतें काय? आणि मोकळेपणीं लिहिलेल्या दुसऱ्या साधनांत त्याच गोष्टीविषयीं काय आहे? या चाळणींतून गेल्यावर धैर्यहि उरतें आणि सुटकेची इच्छाहि उरते. दोन्ही एका माणसांत राहूं शकतात, आणि बहुधा राहतात.

या चाळणीस आणखी एक पदर आहे. पुस्तक निघालें त्या १९२४ च्या ६ जानेवारीस लेखक कारागृहांतून सुटले, पण रत्नागिरी जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या व राजकारणांत न पडण्याच्या अटीवर. म्हणजे पत्रें लिहिलीं गेलीं एका पहाऱ्याखालीं, आणि छापलीं गेलीं दुसऱ्या पहाऱ्याच्या काळांत. म्हणून या पत्रांची चिकित्सक आवृत्ति काढणारानें छापील पाठावर थांबूं नये.

शेवटीं जी गोष्ट सर्वांत अधिक बोचते ती सांगतों. पद्य पत्रें वहिनींस लिहिलीं, गद्य पत्रांतहि त्यांचें कुशल विचारलें; पण पुस्तकांत बाजू एकच आहे. अंदमानास काय गेलें, म्हणजे घरानें आपलें कुशल कोणत्या शब्दांत कळविलें, तें या पानांत नाहीं. आणि घरासहि तोच पहारा होता; शिवाय आंत असलेल्या माणसास दुःख होऊं नये असा एक पहारा त्यांनीं स्वतःवर बसविला असेल, हें कोणत्याहि गृहस्थास कळेल. बाबाराव व विनायकराव एकाच तुरुंगांत असूनहि बराच काळ एकमेकांस भेटूं शकले नाहींत. डोंगरीच्या तुरुंगांतील भेटीनंतर यमुनाबाईंस पतीचें दर्शन झालें तें थेट १९१९ सालीं, नारायणरावांबरोबर अंदमानास गेल्यावर. त्या भेटींत येसूवहिनी नव्हत्या. त्याच वर्षीं, भेट होण्यापूर्वीं, त्या वारल्या. बाबाराव १९०९ च्या फेब्रुवारींत पकडले गेले होते. सुटले १९२२ सालीं. ज्या वहिनींस लंडनहून काव्यांत मृत्युपत्र आलें, त्याच आधीं गेल्या. मृत्युपत्र लिहिणारा १९६६ पर्यंत राहिला. २१ सप्टेंबर १९१९ चें पत्र या काळजीनें उघडून पाहावें. त्या पत्राच्या वेळीं घरांत कुशल विचारण्याचें मुख्य माणूसच उरलें नव्हतें.

म्हणून आमची मागणी साधी आहे. ज्या घरांतून कोणी दूर गेलें, मग तें तुरुंगांत असो, निर्वासनांत असो, लढाईवर असो वा बोटीवर, त्या घरांतील पत्रें ‘यांत कांहीं नाहीं, नुसतें खुशालीचें आहे’ म्हणून रद्दींत जाऊं देऊं नयेत. जावयाचीं व यावयाचीं अशीं दोन्ही बाजूंचीं पत्रें एकत्र ठेवावींत, पाकिटांवरील शिक्क्यांसह ठेवावींत; आणि संपादकांनीं कुशलाच्या ठिकाणीं टिंबें देण्यापूर्वीं त्या ओळी एकदां मोठ्यानें, शक्य तर घरांतील वडील स्त्रीसमोर, वाचून पाहाव्यात. आम्ही आतां रविवारच्या वाचनांत कोणतेंहि पत्र आलें कीं मायन्यापासून सुरुवात करतों, आणि कांहीं गाळीत नाहीं.